आता इंद्रभानभाऊ प्रार्थना करतील

धामणगाव बढे
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय सागर,

येशूच्या नावाने तुला काकाचा सलाम. नाशिकला पोचल्याचा तुझा मेसेज अपेक्षाच्या मोबाईलवर आला, तो तिने वाचून दाखवला. काल तीही जळगाव जामोदला तिच्या सासरी गेली. आता घरात तुझी आई एकटी आहे. मी शेजारीच आहे, काळजी करू नकोस.

मला मोबाईलवर बोटं चालवून लिहिता येत नाही. शिवाय इंद्रभानदादा तुला दर महिन्याला पत्र लिहायचा. पोस्टमन तुझा पत्ता विसरायला नको, असं तुझी आई म्हणाली. म्हणून यापुढे दादाच्या जागी मी लिहीन.

तू शनिवारीच निघून गेलास. मला वाटलं होतं, रविवारची उपासना करून जाशील. राग मनात धरून गेलास, ते मला दिसलं. माती देण्याआधी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण झड लागली होती, खणलेल्या खड्ड्यात पाणी भरत होतं आणि तुझा मोबाईल बंद असल्याने मेसेज पोचत नव्हता. तू आलास तेव्हा वर माती पडलेली होती. त्यावर आता काय लिहू?

पाळकसाहेबांनी एक काम सांगितलं आहे. डिसेंबरात, नाताळाआधी, दादाच्या स्मरणाची उपासना ठेवायची आहे. तेव्हा वाचायला त्याची जीवनकथा मी लिहावी असं ते म्हणतात. मी बसलो लिहायला. जन्म, बाप्तिस्मा, मंजुळावहिनीशी लग्न, बाजारातली पिठाची गिरणी, मंडळीत पंच म्हणून निवड, तुम्ही दोन लेकरं. अर्ध्या पानात संपलं. रविवारी गिरणी कधी उघडली नाही, ऐन दिवाळीत लोक डबे घेऊन दारात उभे राहिले तरी नाही, हेही लिहिलं. तरी पान भरेना. चांगल्या माणसाचं कागदावर फार थोडं उरतं. तुला काय आठवतं ते लिहून पाठव.

आता एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

परवा रविवारी उपासनेतला संदेश संपला. आपल्या उत्तमराव पाळकसाहेबांना हल्ली दिसतं कमी, आणि इतक्या वर्षांची सवय. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आता इंद्रभानभाऊ प्रार्थना करतील."

आपल्या मंडळीचं तुला माहीत आहे. कोणाचं नाव घेतलं ते कळायच्या आधी माना खाली जातात आणि डोळे मिटतात. माझेही मिटले. मग कळलं, नाव दादाचं घेतलं. साहेब आता चूक दुरुस्त करतील म्हणून मी वाट पाहत होतो, तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली.

दादाचीच. शब्दनशब्द.

आमेन झालं. डोळे उघडले तर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. सिंधूताई बायकांच्या बाजूने म्हणाल्या, "शांतवन, लय बेस केली रे प्रार्थना. थेट भावासारखी."

मी म्हणालो, "म्या कुठी केली, ताई? मले वाटलं, साहेबांनीच सांभाळून घेतलं."

साहेब म्हणाले, "म्या? मी तं जीभ चावून बसलो होतो, नाव तोंडातून गेलं म्हून."

कोणीच हो म्हणालं नाही. कोणीतरी केली असणार, आता लाजतो आहे. असंच असेल ना?

तुझा
शांतवनकाका


नाशिक
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

सलाम. पाकिटावर तुम्ही बाबांसारखाच पत्ता लिहिलाय, गावाच्या नावाखाली दोन रेघा ओढून. कारखान्याच्या गेटवर वॉचमनने हातात दिलं आणि मी ते दुपारपर्यंत उघडलंच नाही. खिशात ठेवून रंधा मारत राहिलो. पुढच्या वेळी त्या रेघा ओढू नका.

स्पष्ट लिहितो, रागावू नका. ती प्रार्थना तुम्हीच केली. पंचांच्या बाकावर बाबांशेजारी तुम्ही बसत होता. भावाभावांचे आवाज सारखे असतात असं लोक म्हणतात, मला ते तपासता येत नाही. आईला बरं वाटावं म्हणून केली असेल, तर तसं आईला सांगून टाका. तिला खोट्याची सवय नाही.

जीवनकथेसाठी मला आठवतं ते हे.

मेंदूज्वरात माझे कान गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दवाखान्यातून आल्यावर बाबा मला थेट गिरणीत घेऊन गेले. घरात सगळे माझ्याकडे बघून रडत होते, गिरणीत कोणी रडलं नाही. गिरणी चालू असली की तिथे सगळेच बहिरे. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलायच्या, बाबा हातवारे करून "बारीक का जाडं?" विचारायचे. जगात तेवढ्या एका जागी मी इतरांसारखा होतो. हे बाबांनी मुद्दाम केलं होतं का, कधी विचारलं नाही.

आणि आरसा. कपाटाच्या आरशासमोर उभे राहून ते शब्द म्हणायचे. मला वाटायचं दाढी बघतात. आईने मग सांगितलं, "तुह्यासाठी करते. कोन्ता शब्द तोंडावर कसा दिसते ते पायते." भुवयांवर पीठ, आणि आरशात "भाकर, भाकर, पाकर" म्हणणारा माणूस; ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्याशी बोलताना बाबांनी कधी पाठ केली नाही. गडबडीतही वळून, समोर येऊन बोलायचे.

फक्त देवाशी बोलताना मान खाली घालायचे.

रविवारी मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचो, बाकावर. सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवायचो, कारण मिटले तर आमेन कधी झालं ते मला कसं कळणार? समोर सगळ्या माना खाली, नुसते केस आणि पदर. बाबांचं तोंडही दिसायचं नाही. ते माझा डावा हात आपल्या हातात घेऊन बसायचे आणि आमेन झालं की तळव्यावर बोटाने दोनदा ठोकायचे, मग अंगठा दाबून धरायचे. गिरणीत धान्य ओततात त्या पत्र्याच्या पेटीवरही ते असंच ठोकायचे, आत दाणे उरलेत का बघायला. दोनदा ठोकलं म्हणजे संपलं.

ते माझ्यासाठी काय मागत होते, ते मला कधी कळलं नाही. विचारलं की हसायचे. मोठा झाल्यावर मी त्या बाकावर बसणं सोडलं, मग चर्चला जाणंही. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, शहरात जाऊन पोरगा बिघडला. ज्या खोलीत सगळे डोळे मिटून ऐकतात, तिथे मी काय करू, काका?

यातलं किती वाचायचं ते तुम्ही ठरवा.

सागर


धामणगाव बढे
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय सागर,

तुझं पत्र वहिनीला दाखवलं नाही, आरशाची गोष्ट तेवढी सांगितली. हसली आणि मग बराच वेळ त्याच आरशावरचं पीठ पुसल्यासारखी पदराने पुसत बसली. आरसा स्वच्छच होता.

सागर, ती प्रार्थना मी केली नाही. देवासमोर लिहितो. पण तुझ्यासारखाच सगळ्यांना संशय आला, म्हणून पुढच्या रविवारपासून मी बाक सोडला आणि खाली सतरंजीवर, लोकांत बसू लागलो. बाक आता रिकामा असतो.

तरी ती थांबली नाही.

पाळकसाहेबांनी परत दादाचं नाव घेतलं नाही. त्यांनी कुलदीपचं घेतलं. तोच, गिटार वाजवतो तो. आम्ही डोळे मिटले. प्रार्थना झाली, दादाचीच. उपासनेनंतर साहेबांनी त्याला बाहेर चिंचेखाली धरलं.

"काऊन बे, मेल्या मानसाची नक्कल करतं देवाच्या घरात?"

"साहेब, आईची शपथ, म्या काईच नाही केलं. मी तोंड उघडतच होतो तं कोनीतरी सुरू झालं. मंग मी चूप राह्यलो. मोठ्या मानसाच्या मधात कसं बोलू?"

पोराचे ओठ पांढरे पडले होते. खोटं बोलत नव्हता.

मग साहेबांनी स्वतःच प्रार्थना करतो म्हणून सांगितलं. केलीही. पण मंडळीला ऐकू आली ती दादाची, आणि साहेब म्हणतात, मला माझीच प्रार्थना आठवत नाही. आता ते नावच घेत नाहीत. "प्रार्थना करू या," एवढंच म्हणतात. मेलेल्यांना काही विचारायला आपल्याला मनाई आहे, हे तूही शिकला आहेस. पण आम्ही काही विचारलेलं नाही. आम्ही फक्त डोळे मिटतो.

आणखी एक. पूर्वी माना खाली जायच्या. आता माना वर असतात. मला कसं कळलं? आमेन होतं तेव्हा माझा स्वतःचा चेहरा वर असतो, लांबचं काही ऐकताना माणूस धरतो तसा. आणि डोळे उघडले की बाकीचेही तसेच दिसतात.

ती प्रार्थना तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. तीच होती, नेहमीचीच. "बापा, हा दिवस तू दिलास. मंजुळाच्या टाचा दुखतात, ते तुला माहीत आहे. अपेक्षाच्या घरात शांती ठेव. गिरणीत आलेलं कोणाचं पीठ कमी भरू देऊ नको." मग तुझ्याविषयीचं एक वाक्य. ते मी लिहिणार नाही. ते इथे येऊन घे. मग पाऊस, गुरं, आजारी माणसं आणि आमेन.

टाचांचं खरं होतं. रोज झोपण्याआधी तो तिच्या टाचांना कोकमतेल गरम करून लावायचा. हे मी जीवनकथेत लिहू का, वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिव्ह. आजकाल दुखत नाहीत माह्या टाचा."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शांतवनकाका


नाशिक
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

सुट्टी होती, पण आलो नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली.

तुमच्यावर संशय घेतला, माफ करा. आता मला वाटतं, एखादा माणूस हे करतो आहे आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. दुःखात असं होतं म्हणतात. एक करा. कुलदीपला म्हणा, मोबाईल खिडकीत ठेवून रेकॉर्डिंग कर. मला ऐकू येणार नाही, पण तुम्हाला नंतर, डोळे उघडे ठेवून, ऐकता येईल. आवाज कोणाचा ते कळेल आणि विषय संपेल.

आई बीपीची गोळी घेते ना? शेवटचं वाक्य तुम्ही असं का लिहिलं?

सागर


धामणगाव बढे
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय सागर,

रेकॉर्डिंग केलं. चिंचेखाली बसून आम्ही चौघांनी ऐकलं. पाळकसाहेब, सिंधूताई, कुलदीप आणि मी. आधी साहेबांचा आवाज स्वच्छ येतो, "प्रार्थना करू या." मग शब्द नाहीत. एक घरघर येते. खोल, एकसारखी, चढतही नाही आणि उतरतही नाही. सिंधूताईंनी कानाला पदर लावला आणि म्हणाल्या, "गिरणी हाय हे. इंद्रभानची गिरणी चालू हाय." कुलदीप म्हणाला, पंखा असेल. पंखा त्या दिवशी बंद होता, वीज नव्हती. आणि गिरणीला तर सप्टेंबरपासून कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. घरघर एकदम थांबते, मग सगळ्यांचं हसू-बोलणं येतं. कुलदीपने तिथल्या तिथे ते पुसून टाकलं.

तू विचारलंस म्हणून आता लपवत नाही. वहिनीने गोळ्या बंद केल्या आहेत.

मला आधी कळलं नाही. उशाखाली पाकिटं तशीच सापडली. मी रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, दर रविवारी तो माह्यं नाव घेऊन राह्यला. बलावते मले. मंग गोया कायले खाऊ? त्याले किती दिवस वाट पाहू देऊ?"

"वहिनी, तो जिता होता तईही नाव घेतच होता ना?"

"तई तो इथी होता. आता तिकून घेते. इकून घेनं वायलं अन् तिकून घेनं वायलं."

जेवणही नावाला उरलं आहे. स्वतःच्या मातीसाठी पांढरं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं आहे. डॉक्टरांकडे नेलं तर बीपी बघून ते मला ओरडले. अपेक्षा येऊन चार दिवस राहिली, रडली, पाया पडली, उपयोग नाही. वहिनी तिलाच धीर देते. एवढी आनंदी मी तिला दादा असतानाही पाहिली नव्हती. सोमवार ते शनिवार ती फक्त रविवारची वाट बघते.

पाळकसाहेब म्हणाले, चर्च काही दिवस बंद ठेवू. वहिनी म्हणाली, मग मी दाराबाहेर बसेन. बसेलही.

आता उरलास तू. सागर, मी दर रविवारी ठरवून जातो की आज मध्येच डोळे उघडायचे आणि कोण बोलतं ते बघायचं. घरातून निघताना ठरवतो, सतरंजीवर बसताना ठरवतो. आणि ते मला आठवतं आमेन झाल्यावर. दर वेळी. कुलदीपचंही तसंच. आम्हाला लहानपणापासून मिटायचीच सवय. आपल्या मंडळीत प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायला शिकलेला माणूस एकच आहे, आणि तो नाशिकला लाकूड रंधतो.

तू ये. तुला जो दिसेल, त्याचं नाव तिला सांग. माणूस आहे, जिवंत आहे, कोणी बोलावत नाही, असं तू सांगितलंस तर ती ऐकेल. तू तिच्याशी कधी खोटं बोलला नाहीस. आणि कोणीच दिसलं नाही, तर तेही आपण बघू. पण असं अंधारात राहून ती आमच्या डोळ्यांदेखत जाईल.

पंधरा डिसेंबरला स्मरणाची उपासना आहे.

शांतवनकाका


नाशिक
४ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

येतो. शनिवारी संध्याकाळी मोताळ्याहून शेवटची गाडी धरून पोचेन.

मी पंचांच्या बाकावर बसेन, लहानपणी बसत होतो तिथेच. तिथून सगळ्यांची तोंडं समोर असतात. बाबांची जागा, भिंतीकडची, तशीच रिकामी ठेवा. माझ्याजवळ कोणी बसू नका, तुम्हीही नाही. मला हात लावून काही दाखवू नका. मी काय करतो आहे ते कुणाला सांगू नका, नाहीतर लोक सावध होतील.

जीवनकथेत आरशाचं वाचा. ती "पाकर" सुद्धा वाचा.

सागर


धामणगाव बढे
१६ डिसेंबर २०२४

प्रिय सागर,

तू न सांगता गेलास. आमेन झालं, मी डोळे उघडले, तर बाकापाशी तू उभा राहिलेला, डावा हात उजव्या हातात घट्ट धरून, जणू भाजला आहे. मी सतरंजीवरून उठेपर्यंत दारातून बाहेर. चपलासुद्धा नीट घातल्या नाहीस. कुलदीप रस्त्यापर्यंत धावला, तोवर तू मालवाहू गाडीला हात करून चढला होतास.

मी जीवनकथा वाचली. तू खाली बघत होतास. "पाकर"ला सगळे हसले, वहिनी सगळ्यांत मोठ्याने. मग साहेब म्हणाले, "प्रार्थना करू या." आणि नेहमीसारखंच झालं. मी सगळी ऐकली, मंजुळा, अपेक्षा, गिरणी, तू. माझ्या भावाचाच आवाज होता, सागर. मला शंका उरलेली नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

काल दुपारपासून वहिनी ओट्यावर बसून आहे. एकच विचारते, "काय पायलं त्यानं? डोये उघडे होते त्याचे. तुमच्यापैकी कोनाचे नव्हते. सांगतलं काहून नाही मले?" मी म्हणालो, पत्र येईल. म्हणाली, "मंग पत्र येईपर्यंत थांबतो."

कशासाठी थांबते, ते तुला कळलं असेल. रागाने असो, भीतीने असो, लिही. लवकर लिही.

शांतवनकाका


नाशिक
१९ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

पाकिटात दोन कागद आहेत. पहिला आईला मोठ्याने वाचून दाखवा. शक्य झालं तर मंडळीलाही. दुसरा तुमचा एकट्याचा.

आई,

तुला न भेटता आलो. रागावू नकोस. तेव्हा तोंडातून आवाज निघाला असता तर कसा निघाला असता, मला माहीत नव्हतं.

मी बाबांच्या बाकावर बसलो होतो. साहेब म्हणाले, "प्रार्थना करू या." तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटले आणि चेहरे वर केले. लहानपणापासून मला तिथे फक्त डोकी दिसली होती, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडं दिसली.

मी बोलणारा माणूस शोधत होतो. एक शोधायला गेलो आणि गप्प असलेला एकही सापडेना. सिंधूताईंचे ओठ हलत होते, कुलदीपचे हलत होते. साहेबांचे, काकांचे, दारातल्या म्हातारीचे, सगळ्यांचे. आणि आई, तुझे. सगळे एकाच वेळी, एकच शब्द. मला एरवी तोंड वाचताना चुका होतात, पण एवढी तोंडं एकच शब्द म्हणत असताना चूक कशी होईल? "मंजुळाच्या टाचा दुखतात," हे तूच म्हणत होतीस, आई. तुझ्या तोंडाने.

तुम्ही सगळे म्हणता आणि सगळ्यांना वाटतं, आपण ऐकतो आहोत.

तुला तिकडून कोणी बोलावत नाही. इतकी वर्षं रविवारी ऐकून ऐकून ती प्रार्थना तुमच्या अंगात मुरली आहे आणि आता ती तुमच्याकडून म्हटली जाते, एवढंच. माझ्यासाठी बाबांनी काय मागितलं तेही मला कळलं, तुझ्या ओठांवरून. "माझ्या सागरशी तूच बोल, बापा. माझा आवाज तिथवर पोचत नाही."

आई, तू गेलीस तर हे वाक्य म्हणणारं एक तोंड कमी होईल. मला ते परत वाचायचं आहे, तुझ्याच तोंडावर. गोळी घे. आत्ता, काका वाचत आहेत तोवरच घे.

तुझा सागर

काका, हे फक्त तुमच्यासाठी.

वर लिहिलं ते सगळं खरं आहे. त्यात एकही शब्द आईला समजावण्यासाठी घातलेला नाही. पण ते अर्धंच आहे.

तुमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघताना मला इतकं विचित्र वाटत होतं की मी हलूही शकत नव्हतो. एवढे चेहरे, डोळे मिटलेले, एकाच वेळी उघडणारे आणि मिटणारे ओठ. गिरणीचा पट्टा फिरताना मी असाच बघत राहायचो. माझा डावा हात बाकावर होता, बाबांच्या जागेवर, तळवा वर. तो तिथे मी ठेवला नव्हता. जुन्या सवयीने गेला असेल.

आधी हात गरम झाला. पीठ नुकतं दळून डब्यात पडतं, तेव्हा त्यात हात घातला की वाटतो तेवढा गरम. मी मान वळवली नाही. वळवता आली नाही, असंही म्हणा. मला तुमचे ओठ दिसत होते. तुम्ही अजून म्हणत होता, आजारी माणसांपर्यंत आला होता.

मग तळव्यावर दोनदा ठोकलं गेलं. आणि अंगठा दाबला गेला, नेहमीसारखा, जरा जास्तच जोराने, कारण मी मध्ये बरीच वर्षं आलो नव्हतो.

त्यानंतर तुमचे ओठ थांबले. आधी नाही, काका. पट्टा उतरवल्यावर गिरणी थांबते, तसे सगळे एकदम थांबले. मला आमेनची खूण लोकांचं आमेन झाल्यावर मिळाली नाही. ती मिळाली आणि मग तुमचं झालं.

मी डावीकडे पाहिलं. बाक रिकामा होता. त्याच्यापुढे भिंत. तुम्ही खाली, लांब, सतरंजीवर, डोळे उघडत होता.

दोनदा ठोकलं म्हणजे पेटीत दाणे उरले नाहीत. मला वाटतं, पुढच्या रविवारी तुम्ही डोळे मिटाल तेव्हा शांतता असेल. कुलदीपला त्याची स्वतःची प्रार्थना करू द्या, घाबरला तरी. लोक निराश होतील. आई रडेल. पण ती रडायला उरलेली असेल, तर मला चालेल. तिने गोळी घेतली की अपेक्षाला सांगा, ती मला मेसेज करेल. तो येईपर्यंत मी मोबाईल हातातून खाली ठेवणार नाही.

बाबांचा चेहरा शेवटचा पाहिला नाही म्हणून मी तुमच्यावर चिडलो होतो. आता त्याबद्दल काही म्हणणं नाही.

नाताळच्या उपासनेला येतो आहे. बाकावरच बसेन. माझं चुकलंही असेल, दाणे उरलेही असतील. म्हणून एवढं बघा, माझ्या डावीकडे कोणाला बसू देऊ नका.

तुमचा
सागर